वर चिकू

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय:
फळं आणि मांस एका वेळी वाळवू नये.
मी तरी वरच्या दोन ताटल्यांत चिकू मांडते,
चकत्या करून, बिया काढून,
आणि खालच्या चारांत
बोकडाच्या मांडीच्या पट्ट्या,
हळद, मीठ, थोडं तिखट.

सत्तर अंश, दहा तास.
चिकूला सत्तावन्न पुरतात,
पण चिकू इथं चिकू म्हणून नाहीच.
बटण दाबलं की पंखा घुमायला लागतो,
कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा.

टिळकनगर, नववा मजला.
गच्चीच्या दाराला कुलूप, कुलपावर नोटीस:
मासळी, मांस, पापड, कुरडया
वाळत घालू नयेत. — सेक्रेटरी.
पापड बिचारे उगाच सापडले त्यात.

अण्णा स्टुलावर बसून यंत्राकडं बघतात.
बेस्टच्या डेपोत छत्तीस वर्षं
इंजिनांच्या पोटात हात घातलेला माणूस.
"पंखा मागं हाय का बुडाला?"
मागं.
"मंग ताटल्या फिरवाया नको."
जरा वेळानं:
"यवढं पातळ न्हाई कापायचं. तुझी आई
बोटायवढं जाड कापायची, लांबच लांब.
एका तुकड्याची माळ व्हायची."

ती दोरी मला आठवते.
खोलीच्या दारासमोर, कपड्यांच्या दोरीच्या वर.
खाली मी, हातात कावळ्यांसाठी काठी,
मांडीवर भूगोल.
शाळेत कुणी विचारलं, रविवारी काय केलंस,
तर मी सांगायचे:
पापड राखले.

या शहरात काहीच कोरडं राहत नाही.
मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात,
कपाटातल्या चपलांना बुरशी,
आणि रात्रभर वीज जाळून कुरकुरीत केलेला चिकू
ताटलीत ठेवून एक फोन घ्यावा,
तर परत येईतो मऊ.

रात्री अडीचला उठून मी वजन करते.
एक किलोचे तीनशे वीस ग्रॅम.
काटा पुसून पुन्हा. तीनशे वीस.
बाकीचं पाणी, आणि पाण्यातून जेवढा वास जातो तेवढा,
खिडकीतून सोसायटीच्या आवारात
कुणालाही न विचारता.

अण्णा जागेच. चिमट्यात एक पट्टी धरून
गॅसवर भाजतात. चरचर.
मी सवयीनं खिडकी लावते.
कवळी पाण्यात, तुकडा हिरड्यांत,
ते बराच वेळ घोळवत राहतात.
"चान्याच हायती," म्हणतात शेवटी.
मग, "पर बोकडाच्या.
ते येगळं व्हतं."
मी खिडकीची कडी नीट बसलीय का बघते.

सकाळी बेल. सेक्रेटरी बाविस्कर,
पाण्याची टाकी धुण्याचं पत्रक घेऊन.
सही करता करता मी चिकूपुराण लावते:
घोलवडचे आहेत, साखर नाही घातलेली,
ऑफिसच्या डब्यात बरे पडतात—
ते ऐकत नाहीत.
लिफ्ट येते, दार उघडते, मिटते.
"खालच्या ताटल्यांत काय आहे?"
माझं आडनाव लिहायचं राहिलंय,
पेन कागदावर तसंच.
आतून अण्णा, ठणठणीत:
"चान्या!"

बाविस्कर पत्रकाची घडी घालतात. उलगडतात.
परत घालतात.
"आमच्याकडं," आवाज एक मजला खाली,
"आई तुरीच्या डाळीत…"
समोरच्या फ्लॅटची कडी वाजते,
दुधाची पिशवी आत ओढली जाते,
ते खाकरतात: टाकी गुरुवारी,
अकरा ते चार पाणी बंद.

मी स्टीलचा डबा भरून आणते.
झाकण लावणार,
तोच ते बोट मध्ये घालतात.
"थोडे चिकू," म्हणतात,
"वर ठेवा."